सुधारलेला सूर आणि खरा आवाज

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांना आपल्याकडे तीन दशके होऊन गेली. १९९५ साली झी वाहिनीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज सुनो’ या स्पर्धेत सुनिधी चौहान ही लहान मुलगी पहिली आली. २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ आले आणि त्याचे पहिले विजेतेपद अभिजीत सावंत या मराठी तरुणाने मिळवले. २००८-०९ मध्ये झी मराठीच्या ‘लिटल चॅम्प्स’ने तर महाराष्ट्राला वेड लावले. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही पाच मुले घराघरांत आपल्याच नात्यातली असल्यासारखी वावरू लागली. जळगाव-धुळ्याकडची कुटुंबेही त्या काळात रात्रीची जेवणे लवकर आटोपून दूरचित्रवाणीसमोर बसत, हे अनेक वाचकांना आठवत असेल.

ज्या कलाप्रकाराने आपल्या समाजाच्या कानांवर इतका दीर्घकाळ अधिकार गाजवला, त्याची समीक्षा मात्र क्वचितच होते. आपण स्पर्धकांविषयी बोलतो, परीक्षकांच्या कपड्यांविषयी बोलतो, निकालावर वाद घालतो. जो आवाज आपण ऐकतो तो आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतो, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. प्रस्तुत लेखात त्याच वाटेचा विचार करावयाचा आहे. निमित्त आहे स्वरदुरुस्तीच्या यंत्रतंत्राचे. हे तंत्र आज जगभरच्या ध्वनिमुद्रणात इतके रुळले आहे की, ते वापरले का, असे कोणी विचारीतच नाही. गायनस्पर्धेत मात्र हा प्रश्न विचारावाच लागतो. तेथे केवळ गाणे ऐकायचे नसते, एका गळ्याचा निवाडा करायचा असतो.

यंत्र काय करते?

प्रथम हे यंत्र समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेतील कंपने. सेकंदाला किती कंपने होतात, त्यावर सुराची उंची ठरते. गायकाचा सूर नेमका कोठे लागला आहे हे मोजायचे, तो इच्छित स्वरापासून किती दूर आहे हे पाहायचे आणि तेवढेच अंतर भरून काढून त्याला जागेवर बसवायचे, असे या यंत्राचे थोडक्यात कार्य आहे. अँडी हिल्डेब्रँड या अमेरिकन गृहस्थाने १९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ नावाची संगणकप्रणाली बाजारात आणली. हे गृहस्थ त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून परतणाऱ्या कंपनलहरींचे गणित करीत असत. जमिनीच्या पोटातील तेल शोधणारे गणित माणसाच्या कंठाकडे वळले, असे म्हणण्यास हरकत नाही.

या प्रणालीत दुरुस्तीचा वेग कमी-अधिक करता येतो. वेग मंद ठेवला तर श्रोत्याला काहीच कळत नाही. गायकाचा सूर सहजपणे लागला आहे, असेच वाटते. वेग अगदी तीव्र केला तर आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर पायरी चढल्यासारखा उडतो आणि धातूच्या पत्र्यासारखा वाजू लागतो. १९९८ मध्ये शेर या अमेरिकन गायिकेच्या ‘बिलिव्ह’ या गीतात तो परिणाम जाणीवपूर्वक वापरला गेला आणि जगभर गाजला. त्यातही लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हे कसे साधले असे विचारल्यावर निर्मात्यांनी प्रारंभी दुसऱ्याच एका उपकरणाचे नाव सांगितले. या तंत्राच्या इतिहासात लपवाछपवी अशी सुरुवातीपासूनच आहे.

पुढे अशा अनेक प्रणाली आल्या. गाताना त्या क्षणीच दुरुस्ती करणाऱ्या आल्या आणि मुद्रणानंतर एकेक स्वर पडद्यावर पाहून हाताने वरखाली सरकवता येतो अशाही आल्या. आज साध्या भ्रमणध्वनीवरही हे करता येते. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या कित्येक नव्या गीतांतला तो पत्र्यासारखा आवाज आता आपल्या लहान मुलांनाही ओळखीचा झाला आहे.

कलेतील कृत्रिमता आणि फसवणूक

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करावयास हवी. कलेत कृत्रिमता असतेच. ती नसेल तर कलाही नसेल. म्हणून ‘यंत्र आले, आता खरे गाणे संपले’ असा आक्रोश करण्यात अर्थ नाही.

आपल्या खानदेशाशी निगडित असलेलेच उदाहरण घेऊ. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७), यांनी बालपणी जळगावात मेहबूब खान यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले. जळगावचे खुले नाट्यगृह आजही त्यांचे नाव मिरवते. हा पुरुष रंगभूमीवर भामिनी झाला, रुक्मिणी झाला, सिंधू झाला. स्त्रियांनी त्याच्या शालूची आणि केशरचनेची नक्कल केली. याहून मोठी कृत्रिमता कोणती? तरीही कोणी त्यास फसवणूक म्हटले नाही. तिकीट काढून बसलेल्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते की, शालूच्या आत नारायणराव आहेत. नट आणि प्रेक्षक यांच्यात तसा अलिखित करार होता. त्या कराराच्या आत राहून बालगंधर्वांनी जे उभे केले ते सत्य होते, आणि त्यांचा सूर तर कोणत्याही वेषाआड लपलेला नव्हता. २०११ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्यात चेहरा सुबोध भावे यांचा होता आणि गळा आनंद भाटे यांचा. हेही सर्वांना माहीत होते. त्या गायनासाठी भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पार्श्वगायन ही अशीच एक मान्य केलेली कृत्रिमता. परंतु ती मान्य होण्यापूर्वी काय घडले, हे विसरता कामा नये. १९४९ मध्ये ‘महल’ चित्रपटातील ‘आएगा आनेवाला’ हे गीत देशभर घुमू लागले, तेव्हा त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे नाव छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्र. आकाशवाणीकडे श्रोत्यांची पत्रे येऊ लागली की, ही गाणारी कोण? तेव्हा चौकशी होऊन लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात तापीकाठी असलेले थाळनेर हे लताबाईंच्या मातोश्रींचे गाव. या आजोळी त्यांनी लहानपणी आजीकडून गरब्याची गीते ऐकली. त्या कंठाला त्याचे स्वतःचे नाव मिळावे असा आग्रह सामान्य श्रोत्यांनी धरला, ही आपल्या संगीताच्या इतिहासातील मोठी गौरवाची गोष्ट मानली पाहिजे. श्रोत्यांनी पार्श्वगायन बंद करा असे म्हटले नाही. गाते कोण ते सांगा, एवढेच म्हटले.

याच्या उलट उदाहरण १९९० चे. ‘मिली व्हॅनिली’ या जोडीला त्या वर्षी नवोदित कलावंतांसाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी तो काढून घेण्यात आला. ध्वनिमुद्रिकेवरील आवाज त्या दोघांचे नव्हतेच, ते केवळ ओठ हलवीत होते, हे उघड झाले. आपल्या चित्रपटांत प्रत्येक नायक ओठ हलवतो आणि आपण त्यावर प्रेम करतो. त्या दोघांनी मात्र ‘हा आमचाच आवाज’ असे म्हणून ओठ हलवले, म्हणून तो गुन्हा ठरला. कृती एकच, पण करार भिन्न.

तात्पर्य असे की, कलेतील सत्य हे साधनांवर अवलंबून नसते. कलावंताने श्रोत्याला जे गृहीत धरावयास लावले, ते तो पाळतो की नाही, यावर ते अवलंबून असते.

स्पर्धेचा करार

मग गायनस्पर्धेचा करार कोणता? तो अगदी साधा आहे. ‘हा मुलगा आत्ता, तुमच्यासमोर, असा गातो. याला निवडायचे की नाही ते तुम्ही ठरवा.’ सारा कार्यक्रम या एका वाक्यावर उभा असतो. चित्रपटगीत ही तयार वस्तू आहे. ती सुबक व्हावी म्हणून दहा वेळा गाऊन घेतली, तुकडे जोडले, सूर घासूनपुसून घेतला, तरी श्रोत्याचे नुकसान नाही. स्पर्धा ही साक्ष आहे. स्पर्धक आपल्या गळ्याची साक्ष देतो आणि परीक्षक व प्रेक्षक त्यावरून निकाल देतात. साक्षीदाराचे निवेदन न्यायाधीशापुढे जाण्यापूर्वी कोणी सुधारून लिहिले, तर ते भाषेच्या दृष्टीने कितीही शुद्ध झाले तरी साक्ष म्हणून निरुपयोगी ठरते.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. असे कार्यक्रम बहुधा आधी चित्रित होतात, मग त्यांचे संकलन व ध्वनिमिश्रण होऊन ते प्रसारित केले जातात. मंचासमोर बसलेले परीक्षक जे ऐकतात ते एक, आणि घरी बसलेले आपण जे ऐकतो ते दुसरे. मधल्या काळात सूर दुरुस्त झाला असेल, तर परीक्षकांनी एका गाण्याला गुण दिलेले असतात आणि जनतेने दुसऱ्याच गाण्याला मते दिलेली असतात. दोन न्यायालये दोन वेगळ्या साक्षींवर एकच खटला चालवीत असतात. परीक्षक म्हणतात, ‘अंतऱ्यात जरा सूर हलला.’ घरी आई म्हणते, ‘छे, किती छान गायला! यांना काही कळत नाही.’ अशा वेळी दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असण्याचा संभव आहे.

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये ब्रिटनमधील ‘द एक्स फॅक्टर’ या लोकप्रिय स्पर्धेच्या पहिल्याच भागानंतर प्रेक्षकांनी तक्रारी केल्या की, चाचणी देणाऱ्या काही स्पर्धकांचे आवाज यंत्राने सुधारलेले वाटतात. निर्मात्यांना मुद्रणानंतर ध्वनीवर काम केल्याचे मान्य करावे लागले. त्या मालिकेच्या उरलेल्या भागांत हे तंत्र वापरू नये, असा निर्णय झाला. तेथील प्रेक्षकांनी गाणे वाईट झाले म्हणून तक्रार केली नव्हती. गाणे संशय यावा इतके चांगले झाले होते, हीच त्यांची तक्रार होती.

आपल्याकडे सुराबरोबर शब्दांचीही दुरुस्ती होते, याची ग्वाही एका ज्येष्ठ कलावंताने दिली आहे. आपल्या शेजारच्या खांडव्यात जन्मलेले किशोरकुमार हे रीतसर तालमीवाचून केवळ स्वतःच्या निराळ्या आवाजावर मोठे झालेले गायक. मे २०२१ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ने त्यांच्या गीतांचा विशेष भाग सादर केला. त्यात पाहुणे म्हणून गेलेले त्यांचे पुत्र अमित कुमार यांनी नंतर सांगितले की, सर्वांची स्तुती करा असे आपल्याला सांगण्यात आले होते आणि तो भाग आपल्याला मुळीच रुचला नाही. सुधारलेला सूर आणि आधीच ठरलेली स्तुती ही एकाच झाडाची फळे आहेत. दोहोंचा हेतू हाच की, प्रेक्षकाला कोठेही खडा लागू नये.

याउलट आकाशवाणीची जुनी ध्वनिचाचणी आठवून पाहावी. तेथे परीक्षकांना गाणाऱ्याचा चेहरा दिसत नसे, नाव कळत नसे, घरची गरिबी वा श्रीमंती कळत नसे. फक्त आवाज कानी येई. कित्येक कलावंतांना ती परीक्षा फार कठोर वाटली, आणि तिच्यातही दोष होते. पण तिचा करार स्वच्छ होता. दूरचित्रवाणीने बरोबर उलटे केले. चेहरा, घर, आईचे अश्रू, वडिलांचे कर्ज हे सारे दाखवले आणि ज्यासाठी सारे जमले आहेत त्या आवाजावरच पडदा टाकण्याची सोय करून ठेवली.

शुद्ध, पण कोणाच्या मापाने?

प्रामाणिकपणाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी सौंदर्याचा एक स्वतंत्र मुद्दा उरतोच. यंत्र सूर ‘शुद्ध’ करते म्हणजे नेमके कोठे नेऊन बसवते?

पेटीच्या पट्ट्यांवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. पाश्चात्त्य मापनपद्धतीत सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग मानतात. पेटीचा शुद्ध गंधार ४०० व्या भागावर येतो. तानपुऱ्याच्या नादातून सहज उमटणारा गंधार मात्र सुमारे ३८६ वर असतो. हे अंतर थोडे दिसते, परंतु ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झाला आहे त्याला ते खटकते. आपल्या संगीतात तर स्वर हा नुसता बिंदू नसतोच. मींड म्हणजे दोन स्वरांमधला प्रवास. आंदोलन म्हणजे एकाच स्वराचा संथ झोका. दरबारी कानड्याचा कोमल गंधार स्थिर उभा केला तर तो दरबारीचा राहत नाही. बारा खुंट्यांवर काम करणाऱ्या यंत्राला हा झोका म्हणजे चूक वाटते आणि ते त्याला जवळच्या खुंटीला बांधून ठेवते. कुशल तंत्रज्ञ हे टाळू शकतो हे खरे. पण त्यासाठी त्याला आधी राग कळावा लागतो आणि हाताशी वेळही लागतो. प्रसारणाच्या घाईत या दोन्ही गोष्टी क्वचितच एकत्र येतात.

हा वाद आपल्याला नवा नाही. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दार बंद केले होते. आज तो निर्णय अतिरेकी वाटतो. मराठी नाट्यसंगीत तर ऑर्गन आणि पेटीच्या साथीनेच फुलले. पण एक भेद लक्षात घ्यावा. पेटी गायकाच्या शेजारी बसत असे. तिचे स्वर ठाम होते, तरी गायकाचा गळा त्यांच्या अवतीभवती मोकळा फिरत असे, क्वचित तिच्याशी भांडतही असे. आताचे यंत्र शेजारी बसत नाही. ते गळ्यातच उतरते आणि गायकाने घेतलेली वाट पुसून आपली वाट आखते.

लोकगीतांकडे वळल्यास हा मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. आसोद्याची कन्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) हिला अक्षरओळख नव्हती. जात्यावर दळताना, शेतात राबताना तिने रचलेली गाणी तिचे पुत्र सोपानदेव यांनी लिहून ठेवली म्हणून १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने आपल्यापर्यंत पोहोचली. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ तिचे नाव धारण करते. तिचे शब्द आपल्याला मिळाले, पण ती स्वतः गाताना जात्याच्या घरघरीतून तो आवाज कसा चढत असेल, कोठे तुटत असेल, हे ऐकण्याचे भाग्य मात्र आपल्याला नाही.

असे आवाज कसे असतात, हे जाणून घ्यायचे असेल तर गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाकडे जावे. त्यातील काही गळे प्रत्यक्ष मुद्रित केलेले आहेत. जात्याचा खुंटा ओढताना छातीवर ताण येतो, म्हणून सूर ओढला जातो. पाळी पूर्ण होताना श्वास सुटतो, म्हणून तो उतरतो. दुरुस्तीच्या यंत्राच्या हिशेबी हे सगळे दोष. वस्तुतः तो त्या बाईच्या दंडातला जोर आहे, तिचे वय आहे, पहाटेची वेळ आहे. तो दोष काढून टाकला तर ओवी उरेल, दळणारी बाई उरणार नाही. आपल्याकडे कानबाईच्या रात्री जागवणाऱ्या अहिराणी गाण्यांचे आणि भुलाबाईसमोर फेर धरणाऱ्या मुलींचेही तेच. ते बारा खुंट्यांचे गाणे नव्हेच.

‘लिटल चॅम्प्स’च्या त्या पर्वाविषयी माझे जे मत आहे ते याच अनुषंगाने मांडतो. कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा अनेक जाणकारांनी भुवया उंचावल्या. आर्याचा स्वर अधिक नितळ होता, प्रथमेशची बैठक अधिक पक्की होती, असे ते म्हणत, आणि त्यात तथ्य होते. पण कार्तिकीच्या आवाजात आळंदीची मोकळी, खड्या गळ्याची भजनपरंपरा होती. तो गळा चित्रपटसंगीताच्या साच्यातला नव्हता. लोकांनी मते दिली ती त्या न घासलेल्या कडेला. एरवी साचेबंद झालेल्या या कार्यक्रमप्रकारात तो क्षण मला मोलाचा वाटतो. पाच मुलांचे पाच आवाज डोळे मिटूनही वेगळे ओळखता येत होते. आजच्या अनेक स्पर्धांत डोळे मिटले की एकाच्या जागी दुसरा गातो आहे हे कळत नाही. सुरेलपणा वाढला आणि ओळख हरवली, अशी ही स्थिती आहे.

बचावाची बाजू

न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. पहिला युक्तिवाद असा की, दूरचित्रवाणीवर चेहऱ्याला रंग लावतात, प्रकाशयोजना करतात, मग आवाजालाच तेवढे सोवळे का? याचे उत्तर सोपे आहे. स्पर्धा चेहऱ्याची नसते. धावण्याच्या शर्यतीत धावपटूने कोणत्या रंगाचा सदरा घालावा यास बंधन नाही, पण बुटाला चाके लावता येत नाहीत.

दुसरा युक्तिवाद अधिक माणुसकीचा आहे. मूल दहा वर्षांचे असते. रात्री उशिरापर्यंत चित्रण चालते, घसा बसलेला असतो, कानातले यंत्र ऐन वेळी बंद पडते. त्याची एक चूक लाखो लोकांसमोर जावी का? एखादा स्वर हळूच सावरून घेतला तर ती दयाच नव्हे काय? या म्हणण्यातील कळकळ मला मान्य आहे. परंतु ही दया कोणाच्या उपयोगी पडते? मुलाला पुन्हा गाऊ द्यावे, चित्रण दुसऱ्या दिवशी ठेवावे, रात्रीचा जाच थांबवावा, ही खरी दया, आणि तिला खर्च येतो. यंत्राने सावरणे स्वस्त पडते. मुलाला मात्र आपण कोठे चुकलो हे कळतच नाही. कार्यक्रम संपतो, वाहिनी पुढचे पर्व सुरू करते, आणि तो मुलगा एखाद्या तालुक्याच्या गावी गणेशोत्सवाच्या मंचावर उभा राहतो. समोर दूरचित्रवाणीवर त्याला ऐकलेले हजारो लोक असतात. त्यांच्या कानात यंत्राने घडवलेला आवाज असतो आणि त्याच्यापाशी असतो स्वतःचा. त्या रात्रीची निराशा त्याने एकट्याने सोसायची असते. गुरूने चूक दाखवली तर शिष्य घडतो, आणि चूक झाकणाऱ्या हाताला गुरू म्हणता येत नाही.

तिसरा युक्तिवाद असा की, लोकांना असेच आवडते. यावर एवढेच म्हणता येईल की, लोकांना निवड करण्याची संधीच दिलेली नाही. दोन्ही आवाज ऐकवा, मग आवडनिवड ठरेल.

आपल्या घरांत आणि देवमंदिरांत

या साऱ्याचा आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. गायकवृंदाच्या सरावाला येणारी मुले आता प्रथम विचारतात, ‘फादर, ट्रॅक आहे का?’ पेटी आणि तबला असला तरी त्यांना आधार वाटत नाही. नाताळच्या गीतस्पर्धेत गळ्यापेक्षा वाद्यमेळाची ध्वनिफीत मोठी झाली आहे. घरी स्वयंपाक करता करता गाणाऱ्या आया ‘माझा आवाज काही टीव्हीसारखा नाही’ म्हणून गप्प झाल्या आहेत. ज्या आवाजाशी त्या स्वतःची तुलना करतात तो मुळात कोणाही माणसाचा आवाज नसेल, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. माझ्या मते दुरुस्त केलेल्या सुराचा सर्वांत मोठा दुष्परिणाम हाच आहे. त्याने स्पर्धकांपेक्षाही श्रोत्यांचे गळे अधिक बंद केले.

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार निराळ्या संदर्भात पूर्वीच केला आहे. पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, सप्टेंबर १९५८ मध्ये, पवित्र संगीताविषयी निघालेल्या सूचनापत्रात उपासनाविधीत ग्रामोफोन, ध्वनिफीत यांसारख्या आपोआप वाजणाऱ्या साधनांना मनाई करण्यात आली. त्यामागे यंत्राचा द्वेष नव्हता, कारण प्रवचन आणि गायन दूरवर पोहोचवण्यासाठी ध्वनिवर्धकास त्याच पत्रात वाव दिलेला आहे. तत्त्व असे की, उपासना जिवंत माणसाने करायची असते. आवाज मोठा करणारे यंत्र चालेल, माणसाऐवजी गाणारे यंत्र चालणार नाही. स्वरदुरुस्तीच्या यंत्राला या दोहोंपैकी कोठे बसवायचे, हे वाचकांनीच ठरवावे.

संत ऑगस्टिन यांनी आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात मंदिरातील गायनाविषयी स्वतःचे द्वंद्व मांडले आहे. गायलेल्या आशयापेक्षा गाणाऱ्या आवाजाने आपण अधिक हेलावतो की काय, ही शंका त्यांना छळत असे. तरीही गायनामुळे दुर्बळ मनाला भक्तीचा मार्ग सापडतो म्हणून ते त्याच्या बाजूने उभे राहिले. आवाजाच्या मोहाची इतकी धास्ती बाळगणाऱ्या त्या महात्म्याने निर्दोष आवाजाची मागणी मात्र केली नाही. आणि आपल्याच परंपरेत पाहा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ त्यांनी ओवीछंदात रचला तो लोकांनी सामुदायिकपणे म्हणावा, ऐकावा म्हणून. ओवी हा छंदच असा की, तो कोणाच्याही गळ्याला परका नाही. म्हाताऱ्याच्या नाही, शेतकऱ्याच्या नाही, सूर किंचित उतरलेल्याच्याही नाही.

तेव्हा मागणी काय करावी? यंत्रावर बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. चित्रपटगीतात, ध्वनिमुद्रिकेत, प्रयोगशील संगीतात त्याला त्याची जागा आहे. परंतु जेथे गळ्याचा निवाडा होतो आणि जनतेची मते मागितली जातात, तेथे दोन गोष्टी व्हाव्यात. एक, परीक्षकांनी जे ऐकले तेच प्रेक्षकांना ऐकवावे. दोन, काही कारणाने आवाज सुधारलेला असेल, तर तसे पडद्यावर स्पष्ट लिहावे. धूम्रपानाच्या दृश्याखाली इशारा लिहिता येतो, तर सुधारलेल्या सुराखाली एक ओळ लिहिणे अशक्य नाही. १९४९ मध्ये श्रोत्यांनी पत्रे लिहून एका गायिकेला तिचे नाव मिळवून दिले होते. आजच्या श्रोत्यांनाही वाहिन्यांना लिहिता येईल.

आणि आपल्या हाती असलेली गोष्ट आपण आधी करावी. मुलाला स्पर्धेसाठी पाठवणाऱ्या आईवडिलांनी त्याचे गाणे ट्रॅकवाचून, केवळ तानपुऱ्यावर वा पेटीवर, वारंवार ऐकावे आणि त्याला त्याच्या चुका प्रेमाने सांगाव्यात. यंदाच्या नाताळात प्रत्येक गायकवृंदाने निदान एक गीत ध्वनिफितीवाचून गावे. सूर थोडा हलेल, एखादी ओळ कोणी लवकर उचलील. पहिल्या बाकावरच्या आजीला मात्र कोणता आवाज कोणाच्या नातवाचा, ते ओळखता येईल.